१८७ खेळाडू, आठ टेबले, बाद पद्धत: भाग्यपत्रिकेच्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर

टेबल टेनिसची खुली एकेरी स्पर्धा आठ टेबलांवर, दोन दिवसांत आणि बाद पद्धतीने घ्यायची, एवढे आजच्या बैठकीत ठरले. साखळी पद्धतीचा आग्रह धरणारे दोघे होते. १२८ जणांची पूर्ण साखळी खेळवायची तर ८,१२८ सामने होतात आणि बाद पद्धतीत १२७, हे फळ्यावर मांडल्यावर तो विषय मिटला. चार-चार जणांचे गट पाडण्याची सूचनाही आली, पण नुसत्या गटांतच १९२ सामने जात होते, म्हणून तीही मागे पडली.

१२८ हा आकडा मी मनाशी धरला तो केवळ सोयीचा म्हणून. दोनाचा घात असल्याने कोणालाही पुढे चाल (न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश) द्यावी लागत नाही आणि सात फेऱ्यांत विजेता मिळतो. एका सामन्याला २० मिनिटे हा अंदाजही मीच दिला आणि तो कोणी तपासला नाही. प्रवेशअर्ज १२८ झाल्यावर बंद करायचे, असे तोंडी ठरले. अर्जावर मात्र ते कोणीच लिहिले नाही.

१७ नोव्हेंबर

मुदत संपली तेव्हा अर्ज १८७ होते. आधी भरलेले १२८ घ्यावेत आणि बाकीच्यांना नकार कळवावा, असा विचार तासभर चालला. अर्जावर मर्यादा छापलेली नसल्याने तसे करणे न्यायाचे नव्हते, म्हणून सगळ्यांना घेतले. १८७ नंतरचा दोनाचा घात २५६, म्हणजे ६९ जणांना पहिल्या फेरीत पुढे चाल, उरलेल्या ११८ जणांचे ५९ सामने आणि दुसऱ्या फेरीपासून १२८ जणांची स्वच्छ पत्रिका, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता. एकूण सामने १८६. प्रत्येक सामन्यात एकच जण बाद होतो आणि शेवटी एकच उरतो, त्यामुळे हा आकडा मांडणी कशीही केली तरी तोच राहतो. याच गोष्टीने मला पुढच्या आठवड्यात फसवले.

२३ नोव्हेंबर

आज स्प्रेडशीटमध्ये २५६ ओळींची पहिली पत्रिका तयार केली. नावे अर्ज आलेल्या क्रमाने वरून खाली भरत गेलो आणि १८८ ते २५६ या ओळी रिकाम्या सोडल्या. रिकाम्या ओळीसमोरचा खेळाडू आपोआप पुढे सरकेल असे सूत्र लावले, सामने मोजले, ते बरोबर १८६ भरले, आणि मी निर्धास्त झालो.

संध्याकाळी एका सहकाऱ्याला पत्रिका दाखवली. त्याने वरून खाली बोट फिरवत आणले, १९३व्या ओळीवर थांबला आणि विचारले, "इथून खाली कोणीच नाही, मग दुसरा उपांत्य सामना कोणाशी?" शेवटच्या ६४ ओळी, म्हणजे पत्रिकेचा अख्खा चौथा चतुर्थांश, रिकामा होता. तिसऱ्या चतुर्थांशातून जो वर येईल, तो उपांत्य सामना न खेळताच अंतिम फेरीत जाणार होता. इतर ठिकाणी पुढे चाल पहिल्या फेरीऐवजी तिसऱ्या फेरीत मिळत होती. सामन्यांची बेरीज मात्र अचूक, कारण ती चुकूच शकत नाही. ती बेरीज जुळली म्हणून पत्रिका बरोबर आहे असे मानणे, ही माझी या कामातली पहिली मोठी चूक. सहा तास गेले आणि हाती काही लागले नाही.

दुसरा दोषही त्याच नजरेत आला. एका क्लबच्या मुलांनी एकाच संध्याकाळी ओळीने अर्ज भरले होते, त्यामुळे पहिल्या फेरीत त्यांची गाठ एकमेकांशीच पडत होती.

२६ नोव्हेंबर

मांडणी नव्याने केली. ओळींऐवजी जोड्यांचा विचार केला की काम सोपे होते: २५६ ओळी म्हणजे पहिल्या फेरीच्या १२८ जोड्या, त्यांतल्या ६९ जोड्यांमध्ये एक जागा रिकामी, आणि दोन्ही जागा रिकाम्या अशी जोडी एकही असता कामा नये. एवढा एक नियम पाळला की पुढे चाल पहिल्या फेरीच्या पलीकडे जात नाही.

एका कागदावर २५६ ओळी छापून पाहिल्या, तर हातभर अंतरावरूनही नाव वाचता येईना. म्हणून पत्रिका आठ पत्रकांत तोडली, प्रत्येकात ३२ ओळी. पत्रकाचा विजेता उपांत्यपूर्व फेरीत जातो, आणि शेवटच्या आठ जणांसाठी नववे पत्रक. ६९ रिकाम्या जागा आठांत वाटताना पाच पत्रकांना प्रत्येकी ९ आणि तीन पत्रकांना प्रत्येकी ८ आल्या. आठवाली पत्रके दुसरे, सहावे आणि सातवे अशी ठेवली, म्हणजे वरच्या अर्धात ३५, खालच्या अर्धात ३४ आणि कोणत्याही चतुर्थांशात १७ किंवा १८. पत्रकाच्या आतही दर आठ ओळींमागे दोन रिकाम्या जागा आणि नववी असेल तर ती कुठेतरी मध्ये, असे केले. हे सगळे हाताने, पेन्सिलीने, दीड तासात झाले. स्प्रेडशीटमध्ये तीन दिवस झाले नव्हते.

२८ नोव्हेंबर

मानांकनाचे काम आज उरकायचे होते, पण त्यात आख्खी संध्याकाळ गेली आणि त्यातला निम्मा वेळ वाया गेला. ३२ खेळाडूंना मानांकन द्यायचे ठरवले, म्हणजे सर्वांत चांगले खेळाडू क्रम लावून पत्रिकेत एकमेकांपासून दूर बसवायचे. मागच्या निकालांवरून पहिले १६ जण सहज ठरले. १७ ते ३२ हा क्रम लावताना मात्र तिघांचे एकमत होईना. कोण एकोणिसावा आणि कोण बाविसावा यावर दोन तास वाद झाला. नंतर नियम उघडून पाहिले, तर त्या क्रमाचा सोडतीत उपयोगच नव्हता.

टेबल टेनिसच्या पद्धतीत पहिला मानांकित पत्रिकेच्या सर्वांत वर आणि दुसरा सर्वांत खाली, एवढे दोघेच निश्चित जागी बसतात. तिसरा आणि चौथा यांच्यासाठी वरच्या अर्धाचे तळ आणि खालच्या अर्धाचा माथा, म्हणजे आमच्या १२८ आणि १२९ या ओळी, आणि त्यांतली कोणती कोणाला हे चिठ्ठीने ठरते. पाच ते आठ हा गट ६४, ६५, १९२ आणि १९३ या ओळींवर चिठ्ठीने बसतो. नऊ ते सोळा आणि सतरा ते बत्तीस हे गटही तसेच. म्हणजे सतरावा असो की बत्तिसावा, चिठ्ठ्या एकाच डब्यात. भांडायचेच होते तर बत्तिसावा कोण आणि तेहतिसावा कोण, यावर भांडायला हवे होते, आणि त्यावर आम्ही पाच मिनिटेही घालवली नव्हती.

आठ पत्रकांच्या मांडणीत याचा एक फायदा निघाला. प्रत्येक पत्रकाच्या १, १६, १७ आणि ३२ या चार ओळी मानांकितांच्या ठरतात आणि त्यांच्या जोडीच्या २, १५, १८ आणि ३१ या ओळी रिकाम्या. आठही पत्रकांचा साचा एकच असल्याने चूक झाली तर लगेच डोळ्यांत भरते.

मानांकनाशिवाय नुसत्या चिठ्ठ्या टाकाव्यात, असे म्हणणाऱ्यांसाठी एक गणित सांगून ठेवतो. ल्युइस कॅरोलने १८८३ मध्येच टेनिस स्पर्धांबद्दल हे दाखवले होते की ३२ जणांच्या बाद स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या खऱ्या खेळाडूला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता केवळ ३१ पैकी १६ असते, कारण तो पहिल्याच्याच अर्धात पडला तर अंतिम फेरीआधी बाद होतो. २५६ ओळींसाठी हा आकडा २५५ पैकी १२८, म्हणजे जेमतेम निम्मा.

१ डिसेंबर

सोडत सर्वांसमोर घेतली. दीड तास लागेल असे धरले होते, तीन तास दहा मिनिटे लागली. चिठ्ठ्यांना काहीच वेळ लागला नाही; वेळ गेला तो एका न लिहिलेल्या नियमामुळे. एकाच क्लबचे खेळाडू लवकर समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत, हे सर्वांना मान्य होते, पण "लवकर" म्हणजे कोणती फेरी आणि चिठ्ठी तशी पडलीच तर करायचे काय, हे कुठेही लिहिलेले नव्हते. चाळीस-एक चिठ्ठ्या निघाल्यावर पहिली अडचण आली, मी ती चिठ्ठी परत डब्यात टाकली, आणि समोरून रास्त आक्षेप आला की असे करून मी निकाल बदलतो आहे.

सोडत थांबवून नियम फळ्यावर लिहिला: चिठ्ठी परत टाकायची नाही, त्या पत्रकात त्याच क्लबचा खेळाडू आधीच असेल, तर खेळाडू पुढच्या क्रमाच्या पहिल्या मोकळ्या पत्रकात जाईल. एका क्लबचे अकरा जण होते आणि पत्रके आठच, त्यामुळे तीन पत्रकांत दोघे येणे अटळ होते. तिथे एकाला पत्रकाच्या वरच्या सोळा ओळींत आणि दुसऱ्याला खालच्या सोळा ओळींत ठेवले, म्हणजे पाचव्या फेरीआधी गाठ पडत नाही. मग आधीच्या चिठ्ठ्या रद्द करून पहिल्यापासून सुरुवात केली. जे लोक पहिल्या सोडतीवर खूश होते, ते अर्थातच नाराज झाले.

६ डिसेंबर, रात्र

पाच ते आठ या गटातला, तिसऱ्या पत्रकाच्या माथ्यावरचा (ओळ ६५) मानांकित खेळाडू आजारी पडल्याचा निरोप साडेआठला आला. पत्रिका तीन दिवसांपूर्वी जाहीर झाली होती. टेनिसमध्ये सामन्यांचा क्रम जाहीर होण्याआधी खालच्या मानांकिताला वर सरकवतात, हे डोक्यात होते म्हणून मीही तसेच केले: नऊ ते सोळा गटातला एक जण ६५व्या ओळीवर, त्याच्या जागी सतरा ते बत्तीस गटातला एक आणि त्याच्या जागी प्रतीक्षायादीतला एक. तीन पत्रके बदलली. मग लक्षात आले की बदललेल्या जागांच्या आसपासच्या खेळाडूंना आपले प्रतिस्पर्धी माहीत होते आणि आता ते खोटे ठरले होते. शिवाय सामन्यांचा क्रमही आम्ही सकाळीच कळवला होता. चाळीस मिनिटांचे काम पुसून सगळे पूर्ववत केले आणि ६५वी ओळ कोरी ठेवली. ६६वी रिकामीच होती, त्यामुळे ६७-६८च्या जोडीतला विजेता दुसरी फेरी न खेळता तिसरीत जाईल. त्या एकाचा फायदा झाला हे खरे, पण नवी पत्रिका काढली असती तर त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांचे नुकसान झाले असते.

७ डिसेंबर, पहिला दिवस

आजची नोंद लांबणार आहे.

नऊची वेळ होती, पहिला चेंडू ९.४० ला पडला. हजेरीच्या टेबलावर एकच माणूस आणि समोर दीडशे जण, हे कारण. आडनावांच्या अद्याक्षरांनुसार तीन रांगा केल्यावर ओघ वाहू लागला, पण तोवर उशीर झाला होता.

आठ पत्रके आणि आठ टेबले हा योग मला फार आवडला होता, म्हणून एका टेबलाला एक पत्रक असे नेमून दिले. ही या दिवसाची सर्वांत महाग चूक. चौथ्या टेबलावर दोन बचावात्मक खेळाडूंचा सामना लागला आणि त्यांचा एकच गेम १७ मिनिटे चालला. दहा मिनिटांत दोघांचे मिळून १८ गुण झाले नसतील तर गेमचा वेग वाढवणारा नियम लागू होतो: सर्व्हिस एकेक गुणाला बदलते आणि समोरच्याने तेरा चेंडू बरोबर परत केले की गुण त्याचा. हा नियम पंचाला ठाऊक होता, पण त्याच्याकडे घड्याळ लावून बसणारा कोणी नव्हता. चौथे पत्रक मागे पडत गेले आणि त्याच वेळी दुसऱ्या आणि सातव्या टेबलावर, समोरचे खेळाडू न आल्याने, कोणीच खेळत नव्हते. मोकळ्या टेबलाकडे बोट दाखवून लोक विचारू लागले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुपारी एकनंतर पद्धत बदलली. सगळ्या पत्रकांतले तयार सामने एकाच रांगेत लावले आणि जे टेबल मोकळे होईल तिथे रांगेतला पहिला सामना पाठवला. रांगेतल्या पुढच्या चार सामन्यांचे क्रमांक फळ्यावर, म्हणजे खेळाडू आधीच जवळ येऊन थांबतात.

पंचांचा बेत असा होता की हरलेल्याने त्याच टेबलावरच्या पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसायचे. हरलेल्याला घरी जायचे असते, हे मी धरलेच नव्हते. अकरापर्यंत तीन टेबलांवर पंच नव्हते. मग हजेरीच्या वेळी ओळखपत्र ठेवून घ्यावे, अशी सूचना आली. ती मी नाकारली आणि ज्यांचा पुढचा सामना तासाभराने आहे अशांना विनंती केली. त्यांतल्या बहुतेकांनी ऐकले.

आता नावांचा गोंधळ. नाव आणि आडनाव दोन्ही सारखे असलेले दोघे स्पर्धेत होते, एक तिसऱ्या पत्रकात आणि दुसरा सहाव्या. तिसऱ्या पत्रकातला जिंकला. त्याची स्कोअरशीट माझ्या मदतनिसाने सहाव्या पत्रकावर चढवली आणि तिथला, जो तासाभरापूर्वी हरला होता, तो पुढच्या सामन्यासाठी पुकारला गेला. तो बिचारा आला, रॅकेट काढली, दोन मिनिटांचा सराव केला आणि पहिला गेम ११-८ असा जिंकलासुद्धा. मग प्रेक्षकांतून त्याला हरवणारा उठून आला. सामना थांबवला, दोघांची माफी मागितली आणि योग्य जोडी पहिल्यापासून खेळवली. हे सगळे मिटेपर्यंत पंचवीस मिनिटे गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचा तासभर प्रत्येक जण आपले नाव बरोबर ओळीत आहे ना, हे पाहायला भिंतीपाशी येत राहिला.

तेव्हा कळले की भिंतीवरची पत्रके आणि संगणकातली पत्रिका यांत आणखी दोन ठिकाणी फरक होता. दोन्हीकडे दोन वेगळे मदतनीस आपापल्या वेळेने निकाल लिहीत होते आणि कोणती प्रत खरी, हे ठरलेलेच नव्हते. भिंतीवरची खरी, असे जाहीर केले. संगणकात फक्त तिच्यावरून उतरवायचे.

रात्री हिशेब केला. दुसऱ्या फेरीअखेर १२३ सामने व्हायचे होते. अकरा जण आले नाहीत, कालचा आजारी मानांकित धरून. त्यांतले दोघे तर एकमेकांविरुद्धच होते, त्यामुळे त्यांच्या पुढच्याला दुसरी फेरी फुकट मिळाली. प्रत्यक्ष खेळले गेलेले सामने ११२. मी सामन्यामागे २० मिनिटे धरली होती, सरासरी निघाली २७. खेळ जवळपास २० मिनिटांचाच होतो. सराव, दोन गेममधली विश्रांती, स्कोअरशीटवर सह्या आणि पुढच्या जोडीला शोधून आणणे यांत उरलेला वेळ जातो. खेळ ५.३५ ला संपला. आठ टेबलांची मिळून ३,८०० मिनिटे हाताशी होती आणि वापरली गेली सुमारे ३,०२४. पाचातला एक भाग टेबले नुसती उभी होती, आणि त्यातला बहुतेक भाग दुपारी एकच्या आधीचा. सभागृह आम्हाला दोन तास जास्त भाड्याने घ्यावे लागले.

झोपण्याआधी उरलेल्या सर्व खेळाडूंना १ ते १८७ मधला त्यांच्या अर्जाचा क्रमांक मोठ्या आकड्यांत छापून ठेवला. उद्यापासून पाठीवर क्रमांक, स्कोअरशीटवर क्रमांक, पत्रकावर आधी क्रमांक आणि मग नाव. हे काम एक तासाचे आहे आणि ते सोडतीच्या दिवशीच करायला हवे होते.

८ डिसेंबर, दुसरा दिवस

६३ सामने उरले होते. एकच रांग, पाठीवर क्रमांक आणि जिंकणाऱ्याने स्वतः स्कोअरशीट आणून आपल्या डोळ्यांदेखत भिंतीवर चढवून घ्यायची, या तीन बदलांनी सकाळ इतकी शांत गेली की मला काही विसरलो तर नाही ना असे वाटू लागले. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीचे ४८ सामने तीन तासांच्या आत आटोपले.

पुढे वेगळीच अडचण आली. पाचव्या फेरीत आठ सामने आणि आठ टेबले, पण त्यानंतर चार, दोन आणि एक. टेबले कितीही असली तरी या तीन फेऱ्या एकामागून एकच होतात, आणि मधली विश्रांती मोजली तर शेवटच्या सात सामन्यांना चौथ्या फेरीच्या सोळा सामन्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. १८६ भागिले आठ असा हिशेब करून वेळापत्रक आखले की हा शेवट त्यात दिसतच नाही. आम्ही उपांत्यपूर्व फेरीपासून सातपैकी चार गेम ठेवले होते, त्यामुळे एकेक सामना चाळीस मिनिटांवर गेला. विश्रांती २० मिनिटांची ठरली होती. एका खेळाडूने ३० मागितली, ती दिली, आणि मग सर्वांनाच द्यावी लागली.

पहिला मानांकित अंतिम फेरीत आला, दुसरा मात्र पाचव्या फेरीतच गेला. सतरा ते बत्तीस या गटातले पाच जण दुसऱ्या फेरीतच बिगरमानांकितांकडून हरले, म्हणजे तो गट आम्ही अर्ध्या अंदाजानेच भरला होता.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना पत्रिकेत नव्हता, पण पदक मात्र बनवले होते, एकच. उपांत्य सामने संपल्यावर हे लक्षात आले तोवर हरलेल्यांपैकी एक जण निघून गेला होता. दोघांनाही तिसरे घोषित केले, हजर असलेल्याला पदक दिले आणि दुसऱ्यासाठी आणखी एक करायला टाकले.

११ डिसेंबर

दुसरे पदक आज तयार होऊन आले आणि पोहोचते केले. नऊ पत्रके, १७५ स्कोअरशीट आणि न खेळलेल्या ११ सामन्यांच्या नोंदी एका फाइलमध्ये लावताना १८६ची बेरीज पुन्हा केली. ती जुळली, तरी यावेळी प्रत्येक पत्रकाच्या ओळी बोट ठेवून एकदा वाचल्या आणि सहाव्या पत्रकावरची ती खोडलेली ओळ तशीच राहू दिली.